‘डाग राहणारच नाही’ म्हणाला, तिथेच उठायला हवं होतं

आधीच सांगते, मी अडाणी नाही. पतपेढीत काउंटरवर बसते, रोज चार जणांना बजावते की ओटीपी कुणाला देऊ नका. आणि स्वतः छाती वर उचलण्याच्या ऑपरेशनपायी, म्हणजे ब्रेस्ट लिफ्टपायी, १,६९,५०० रुपये घालवून बसले.

वजन १०४ होतं, एकोणीस महिन्यांत ६६ वर आणलं. चरबी गेली, कातडी राहिली. छाती रिकाम्या पिशवीसारखी लोंबते आणि खालच्या घडीत मुंबईच्या घामाने बारा महिने चट्टे. हौस म्हणून गेले नव्हते, हे हसणाऱ्यांसाठी लिहितेय.

आधी महापालिकेच्या रुग्णालयात गेले होते. प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरबाईंनी वजन केलं, हिमोग्लोबिन बघितलं. म्हणाल्या, अजून उतरतंय, निदान सहा महिने एका आकड्यावर राहू दे, मग या. लिफ्टने छाती वर येते, भरत नाही. आणि व्रण राहतो : स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली, मग घडीत आडवा, जहाजाच्या नांगरासारखा. केसपेपरच्या मागे काढूनही दाखवला. मला राग आला. एवढं करून पुन्हा थांबायचंच?

मग मोबाइलवर एका क्लिनिकची जाहिरात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. भांडुपहून घाटकोपर, तिथून मेट्रोने डी. एन. नगर. एसी, गुळगुळीत फरशी, ‘ताई, ताई’ करणारी काउन्सेलर. ऑफर आजच्यापुरती.

‘डॉक्टर’ चार मिनिटं भेटला. वजन केलं नाही. कसं उतरवलं, अजून उतरतंय का, शुगर, बीपी, काही नाही. मी विचारलं, व्रण? तो हसून म्हणाला, “आमची टेक्निक वेगळी आहे, डाग राहणारच नाही.” बायांनो, पर्समध्ये त्या नांगराचं चित्र घडी करून होतं! मला कळलं होतं हो. माझ्या हातात पर्सची चेन होती, आणि मी ती उघडली नाही. खोटं होतं, पण मला हवं तेच होतं.

बुकिंगचे ११,००० जीपेने. तपासण्या आणि ऑपरेशननंतरच्या ब्राचे १८,५००. उरलेल्या १,४०,००० चा ‘बिनव्याजी’ ईएमआय, तोही म्हणे ऑपरेशननंतर सुरू, कधीही रद्द. आधार-पॅन ‘फाइलसाठी’. ओटीपी मी स्वतः वाचून दाखवला. संध्याकाळीच कर्जाचे पैसे क्लिनिकला गेले. हप्ता ६,८७०, चोवीस महिने. गुणाकार करा : १,६४,८८०. बिनव्याजी!

तारीख तीनदा पुढे ढकलली. तेव्हा कुठे मी वैद्यकीय परिषदेच्या, म्हणजे डॉक्टरांच्या, नोंदवहीत त्याचं नाव शोधलं. नाहीच. पैसे मागितले, तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली : परतावा नाही.

पोलीस ठाण्यात हवालदाराने भरल्या खोलीत विचारलं, “कसलं ऑपरेशन म्हणालात, मॅडम?” दोनदा. बाकड्यावरचे सगळे वळले. मग म्हणे, हे सिव्हिल मॅटर आहे. लेडी ऑफिसर मागितली, तर दुपारनंतर या. दुपारनंतर गेले, त्या बंदोबस्तावर. डॉक्टरांच्या नोंदणी कार्यालयात तर कमाल : तो आमच्याकडे नोंदलेलाच नाही, मग आम्ही कारवाई कशी करणार? म्हणजे खरा डॉक्टर असता तर पकडला असता! कर्ज कंपनी म्हणते, ओटीपी तुमचा. आमचे हे काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मला नंतर कळला. पतपेढीतल्या बाईला! तुम्ही त्याच रात्री करारपत्र वाचा. सर्जनच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच., डीएनबी किंवा डीआरएनबी पदवी आहे का ते बघा, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ला भुलू नका. भूल कोण देणार, कुठल्या रुग्णालयात, हे लेखी मागा. मुंबईत पालिकेच्या केईएम, सायन, नायर रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत, रांग असेल तर असू दे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा, माझ्यासारखं लाजत आठवडा घालवू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि फोन काउन्सेलरच्या हातात देऊ नका, ती कितीही गोड असो.

ग्राहक आयोगात मी तक्रार टाकलीय, तारीख पडलीय.

काल पाच तारखेला आठवा हप्ता कापला गेला. वजन ६३, सहा महिने काटा हललेला नाही. तो केसपेपर अजून पर्समध्येच आहे. सोमवारी रजा टाकलीय, सकाळी आठला ओपीडीच्या रांगेत उभी राहणार आहे.