लीजवर ९,५०० डॉलर परत मिळणार होते, एक डॉलरही मिळाला नाही

गेल्या आठवड्यात न्यूयॉर्कहून भाच्याचा फोन आला. "मामा, इलेक्ट्रिक गाडी लीज करतोय, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घेतोय. डीलर म्हणतो, सरकारी सवलतीचे साडेसात हजार डॉलर पुढच्या टॅक्स रिटर्नमध्ये क्लेम करा." माझं डोकंच तापलं. हेच वाक्य मी १८ मार्च २०२३ ला कॅलिफोर्नियात ऐकलं होतं. अडीच वर्षं बायको आणि सीपीए (कराचे कागद बघणारा हिशेबनीस) सोडून कुणाला बोललो नाही. लाज वाटत होती. पण तीच थाप अजून मारली जात असेल तर गप्प बसणं बरोबर नाही.

आधी हे सांगतो की मी डोळे मिटून गेलो नव्हतो. अठरा वर्षं बे एरियात राहतोय. मला हवी होती ती गाडी कोरियात जोडलेली, म्हणजे असेंबल केलेली. १६ ऑगस्ट २०२२ पासून नियम असा झाला की उत्तर अमेरिकेत जोडलेली नसेल तर गाडी विकत घेणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत नाही. मग २९ डिसेंबर २०२२ ला ट्रेझरीने, म्हणजे तिथल्या अर्थखात्याने स्पष्ट केलं की लीजवर दिलेली गाडी व्यावसायिक गाड्यांच्या कलमात बसू शकते, आणि त्या कलमात गाडी कुठे जोडली याची अट नाही, उत्पन्नाची मर्यादाही नाही. पेपरांत, ऑफिसात, पॉटलकला, सगळीकडे एकच बोलणं: "लीज करा, साडेसात हजार मिळतात." मिळतात हे खरंच होतं. कुणाला मिळतात, हे कुणी बोलत नव्हतं. ते मिळायचे गाडीच्या कायदेशीर मालकाला, म्हणजे लीज देणाऱ्या फायनान्स कंपनीला. तिने ते तुमच्या हप्त्यात वळते करावेत अशी कायद्याची सक्ती नव्हती. बऱ्याच कंपन्या करायच्या. माझ्या वाट्याला आलेलीने केले नाहीत.

सेल्समन मराठी निघाला. आडनाव ऐकलं आणि लगेच "दादा, वहिनी" सुरू झालं. तिथेच मी सैल पडलो, हे कबूल करतो. परदेशात आपल्या भाषेत कुणी बोललं की माणूस हिशेब विचारायला संकोचतो.

गाडीची किंमत ४३,८९५ डॉलर. डाउन पेमेंट ५,००० डॉलर. २४ महिन्यांचं लीज, हप्ता कराआधी ७१७.०३. मी म्हटलं, हे फार होतंय. त्याने कागदावर लिहून दाखवलं: केंद्राचे ७,५००, राज्याचे २,०००, मिळून ९,५००. भागिले २४, म्हणजे महिन्याला जवळजवळ ३९६. "म्हणजे दादा, तुमचा खरा हप्ता ३२१ च." तो कागद त्याने बोलता बोलता चुरगाळून टोपलीत टाकला. तो मी उचलून खिशात घातला असता तर पुढची दोन वर्षं वेगळी गेली असती. सेल्समन जे लिहून दाखवतो त्याचा तिथल्या तिथे फोनवर फोटो काढा. त्याला आवडलं नाही तरी काढा.

आणि मग ती ओळ. लीजच्या करारात, सहीच्या वेळी भरायच्या रकमेच्या खाली, "रिबेट्स अँड नॉनकॅश क्रेडिट्स" असा एक रकाना असतो. माझ्या करारात तिथे शून्य होतं. मी ते पाहिलं. पाहिलं आणि विचारलंही: इथे शून्य का? "ते डीलरचे रिबेट, दादा. सरकारी पैसे तुमच्या रिटर्नमध्ये येतात." मी मान हलवली. आज अडीच वर्षांनीही रात्री जाग आली की तो शून्यच डोळ्यांपुढे येतो. केंद्राची सूट लीज घेणाऱ्याला मिळणार असेल तर ती त्या रकान्यात दिसायची किंवा गाडीच्या धरलेल्या किमतीतून वजा झालेली दिसायची. दोन्हीकडे नसली तर ती मिळालीच नाही. सीपीएने नंतर आकडेमोड करून दाखवली: ७,५०० वजा झाले असते तर हप्ता ३८६ च्या आसपास आला असता.

त्याच टेबलावर बायकोने विचारलं होतं, "राज्याच्या योजनेला चोवीस महिन्यांचं लीज चालतं का?" तो म्हणाला, "चालतं ना वहिनी, मिनिमम तेवढंच आहे." तिला साइटवर बघायचं होतं. मीच म्हटलं, राहू दे, उशीर होतोय. कॅलिफोर्नियाच्या क्लीन व्हेइकल रिबेट योजनेत लीज किमान ३० महिन्यांचं लागायचं. आमचं उत्पन्न बसत होतं, पतीपत्नीला दोन लाखांची मर्यादा होती आणि घरात पगार एकच. गाडीची किंमतही बसत होती. फक्त सहा महिने कमी पडले. एप्रिलमध्ये केलेला अर्ज परत आला. मुदत करारात छापलेली, ती नंतर वाढवून घेता येईना. दोन हजार गेले.

उरलेले साडेसात हजार फेब्रुवारी २०२४ ला, रिटर्न भरताना गेले. सीपीएने कागद बघितले आणि एवढंच म्हणाला, "गाडी तुझी नाहीच, करसवलत तुझी कशी असेल?"

डीलरकडे गेलो तर तो सेल्समन नोकरी सोडून गेलेला. मॅनेजरने करारातलं कलम दाखवलं: तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत. तीन दिवसांत गाडी परत करता येते या समजात राहू नका. नव्या गाडीला कॅलिफोर्नियात तसा हक्क नाही, आणि माझं तर वर्ष उलटत आलं होतं.

मग तक्रारी. पहिल्या सरकारी कार्यालयाने नऊ आठवड्यांनी कळवलं की हा दोन पक्षांमधला करार आहे, कोर्टात जा. दुसऱ्याने लेखी आश्वासनाची प्रत मागितली. अहो, लेखी असतं तर मी फसलो असतो का? फोनवर चाळीस-चाळीस मिनिटं थांबलो, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. एक बाई म्हणाली, "तुम्ही सही करण्याआधी वाचायला हवं होतं." माझ्या करातून पगार घेणारं माणूस मला हे ऐकवतं! सरकारच्या नावाने, सरकारी पैशाचं आमिष दाखवून डीलर गाडी गळ्यात मारतो, आणि सरकारचं एकही खातं त्याला साधं बोलावून विचारत नाही की बाबा, तू लोकांना काय सांगतोस? तिसऱ्या कार्यालयाने तक्रार नोंदवली, क्रमांक दिला आणि सात महिन्यांनी एका ओळीच्या ईमेलने बंद केली. कारण दिलं नाही. कारण विचारणारी माझी दोन पत्रं अनुत्तरित आहेत.

मार्च २०२५ ला गाडी परत केली. कर सोडून २२,२०८.७२ डॉलर भरले होते. परत करण्याची फी ३९५ वेगळी.

भाच्याला मी फोनवरच सांगितलं, तिथून ऊठ. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना केंद्राची ती सवलतच उरलेली नाही, ना तुला ना फायनान्स कंपनीला. न्यूयॉर्कच्या राज्य योजनेत लीज किमान ३६ महिन्यांचं लागतं, आणि त्याला पुढे केलेला कागद पुन्हा चोवीसचाच होता. राज्याची अट राज्याच्याच साइटवर वाचा, करारातली मुदत तिच्याशी ताडून बघा, सही नंतर. आणि बरोबरचं माणूस प्रश्न विचारत असेल तर त्याला गप्प करू नका.

तो उठला. डीलरने पुढे केलेल्या कागदाचा फोटो मला पाठवलाय. तो जोडून मी जुन्याच तक्रार क्रमांकावर तिसरं पत्र कालच रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं.