मे महिन्याच्या सुट्टीसाठी मर्लिन आणि ई-बर्ड: शिक्षकांच्या कामाला येणारी जोडी

प्रगतिपुस्तके वाटून झाली की शिक्षकांच्या हाती पाच-सहा आठवडे येतात. विदर्भात ऊन पाहून शाळा आणखी उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. वर्षभर मागे पडलेला छंद हाती घ्यायला हेच दिवस. त्यात पक्षिनिरीक्षणाची ओढ असेल तर मे महिना अगदी मोक्याचा आहे. हिवाळी पाहुणे परतलेले असतात, त्यामुळे पक्ष्यांची संख्या आणि गोंधळ दोन्ही कमी होतात. जे उरतात ते बहुतेक इथलेच, आणि विणीच्या हंगामामुळे पहाटेपासून गात असतात. कान तयार करायला याहून चांगला काळ नाही.

या कामासाठी मर्लिन बर्ड आयडी आणि ई-बर्ड ही दोन मोफत अ‍ॅप जोडीने वापरावीत. दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेची आहेत. ई-बर्ड २००२ सालापासून चालू आहे. मर्लिनमधली आवाजावरून पक्षी सुचवण्याची सोय २०२१ मध्ये आली आणि भारतातल्या पक्ष्यांसाठी ती पुढे वाढत गेली. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. दोघांचे काम मात्र वेगळे आहे. मर्लिन अंदाज सांगते आणि ई-बर्ड नोंद ठेवते. नव्या माणसाच्या बहुतेक चुका या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

आधी मर्लिन. अ‍ॅप उतरवल्यावर आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक वेगळा उतरवावा लागतो. तो काहीशे एमबींचा असतो, म्हणून गावी निघण्याआधी घरच्या वायफायवर हे काम उरकावे. एकदा पॅक फोनमध्ये आला की रेंज नसलेल्या वाडीतही ते चालते. पक्षी दिसला पण नाव माहीत नाही, अशा वेळी पाच प्रश्न येतात: कुठे, कधी, केवढा, कोणते रंग आणि काय करत होता. ‘केवढा’ या प्रश्नावर आपल्याकडे हमखास घसरायला होते. तिथे चिमणी, रॉबिन, कावळा अशी मापे आहेत, आणि हा रॉबिन अमेरिकेतला, साधारण २५ सेंटिमीटरचा. आपला दयाळ किंवा चिरक डोळ्यांसमोर ठेवून उत्तर दिले तर यादी चुकीची येते. रॉबिनच्या जागी साळुंकी धरावी. रंगही तीनच निवडता येतात, तेव्हा उठून दिसणारे निवडावेत. पोटाखालच्या पुसट छटेवर एक रंग खर्च करू नये.

आवाजाची सोय याहून मोलाची आहे. फोन कान लावल्यासारखा ऐकतो आणि पडद्यावर आवाजाचे चित्र सरकत जाते. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सूर. बहुतेक जण फक्त खाली येणारी नावे वाचतात आणि चित्राकडे बघतच नाहीत. खरा अभ्यास मात्र त्या चित्रातच आहे. तांबटाचे ‘टुक टुक टुक’ एकाच उंचीवर, सारख्या अंतराने ठिपके टाकत जाते, जणू वहीच्या ओळीवर पूर्णविराम मांडले आहेत. कोकिळाची प्रत्येक ‘कुऊ’ वर चढणारी तिरकी रेघ काढते आणि पुढची रेघ आधीच्या रेघेहून थोडी वर सुरू होते. तार चढत जाते म्हणतो ती डोळ्यांना दिसते. शिंप्याच्या आवाजाच्या उभ्या, जाड, दाट काड्या उमटतात. चार-पाच सकाळी हे चित्र पाहिले की नाव येण्याआधी ओळख पटू लागते, आणि हे अ‍ॅप वापरायचे ते त्यासाठीच.

आता ते कुठे चुकते ते. भृंगराज म्हणजे पल्लेदार शेपटीचा कोतवाल. तो इतर पक्ष्यांच्या नकला हुबेहूब करतो. एकाच झाडातून दोन मिनिटांत पाच जाती सुचवल्या गेल्या, तर आधी त्या झाडावर भृंगराज आहे का ते पाहावे. पर्णपक्षीही नकला करतात. खारीची एकसुरी चिकचिक एखाद्या पक्ष्याच्या नावावर खपू शकते. सह्याद्रीतल्या झाडीत मे महिन्यात रातकिड्यांसारख्या सिकाडांचा कर्कश गजर चालतो, त्यात बारीक सुराचे पक्षी बुडून जातात. भारद्वाजाचा घुमारेदार ‘हूप हूप’ फार खालच्या सुरात असतो, आणि वाऱ्याचा व गाड्यांचा आवाजही तिथेच असतो. म्हणून कानाला स्पष्ट ऐकू येणारा भारद्वाज फोनला ऐकू येत नाही. वटवट्यांच्या जाती आवाजावरून वेगळ्या करताना तर जास्तच सावध राहावे. वारा फोनच्या तोंडावर येत असेल तर पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा, फोनची माइक असलेली खालची कड पक्ष्याकडे धरा, माइकवर येणारे कव्हर काढा आणि निदान अर्धा मिनिट बोलू नका, पायही हलवू नका. कोरड्या पानांवरची आपलीच चाहूल सगळे ध्वनिमुद्रण बिघडवते.

नावासमोर लाल ठिपका आला तर तो पक्षी त्या जागी, त्या काळात दुर्मीळ आहे. तेव्हा हरखून न जाता दुर्बीण लावा. पक्षी दिसला नाही आणि आवाजही आपल्या ओळखीचा नसला, तर ते नाव नोंदवहीत जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मर्लिनमध्ये पक्ष्यांचे आवाज साठवलेले आहेत. ते घरी, कानात हेडफोन घालून ऐकावेत. रानात मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नये. विणीच्या दिवसांत नराला वाटते की हद्दीत दुसरा नर घुसला. तो घरटे सोडून धावतो, आणि त्या वेळात अंडी-पिल्ले उघडी पडतात. मुलांना बरोबर नेणाऱ्या शिक्षकांनी तर हे पहिल्याच दिवशी सांगावे. माळरानावर टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर तिची अंडी तिथेच जमिनीवर आहेत. खाली बघत, आल्या वाटेने मागे फिरायचे.

ई-बर्ड दिसायला रुक्ष आहे, पण टिकाऊ काम तेच करते. सेटिंगमध्ये जाऊन पक्ष्यांच्या नावांची भाषा मराठी करता येते. हे आधी करावे. एकाच पक्ष्याला जिल्ह्याजिल्ह्यांत निराळे नाव असते, म्हणून पहिले काही दिवस यादीतले नाव आणि आपल्या तोंडचे नाव ताडून बघावे लागते. मधूनच इंग्रजी नावाकडे परतावेही लागेल. त्यात कमीपणा नाही.

नोंदीची पद्धत सोपी आहे. जागा निवडा, यादी सुरू करा, १५ मिनिटे दिसलेले आणि ऐकलेले सगळे पक्षी संख्येसह लिहा, यादी बंद करा. गच्चीत बसून केली तर ‘स्टेशनरी’, चालत केली तर ‘ट्रॅव्हलिंग’, आणि बाजारात जाताना सहज धनेश दिसला तर ‘इन्सिडेंटल’. शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. कावळे, साळुंक्या, पारवे रोजचेच म्हणून गाळले असतील तर ‘नाही’ म्हणा. मात्र ते गाळू नयेतच. यादी पूर्ण असली की तिच्यात नसलेला पक्षी तिथे आढळला नाही, हेही कळते. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे यावरून चिमणी वाढली की घटली हे ठरवता येते. निवडक पक्ष्यांच्या याद्यांवरून ते ठरत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला तो ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या अशाच याद्यांवरून. त्यांतले बहुसंख्य लोक नोकरीधंदा सांभाळून हे करणारे आहेत.

संख्या मोजता आली नाही तर अंदाज लिहा. ‘एक्स’ टाकण्याची सोय आहे, पण त्यातून फक्त ‘होता’ एवढेच कळते. बगळ्यांचा थवा असेल तर दहांचा एक गट डोळ्यांनी आखून असे किती गट होतात ते मोजा.

नेहमीची गफलत म्हणजे यादी बंद करायला विसरणे. फेरी संपवून एसटीत बसलो आणि अ‍ॅप चालूच राहिले की १५ मिनिटांच्या यादीवर २३ किलोमीटर चढतात. अशी यादी पाठवून झाली असली तरी नंतर अंतर आणि वेळ दुरुस्त करता येते. मुळात एक यादी ८ किलोमीटरच्या आत ठेवावी. नदीकाठ, डोंगर आणि गाव अशा तीन ठिकाणच्या तीन याद्या कराव्यात. घराची नोंद करताना जागेच्या नावात पूर्ण पत्ता लिहू नये, ‘घर’ किंवा गावाचे नाव पुरे. रेंज नसली तर यादी फोनमध्येच थांबते आणि नंतर पाठवता येते.

या सेवेमागची माणसे हा तिचा सर्वांत चांगला भाग आहे. तुमची नोंद नेहमीपेक्षा वेगळी असेल तर अ‍ॅप तिथल्या तिथे तपशील मागते, आणि पुढे त्या भागातले स्वयंसेवक परीक्षक ती तपासतात. गरज पडली तर ते ईमेल लिहितात. कशावरून ओळखलेत, फोटो आहे का, अशी चौकशी असते. शिक्षकाला यात आपली रोजची भाषा सापडेल: उत्तर बरोबर असेलही, पण रीत दाखवा. काही जण या ईमेलने दुखावतात आणि अ‍ॅप सोडून देतात, हे वाईट वाटण्यासारखे आहे. उत्तरात आकार, चोच, पाय, पंखावरची खूण, आवाज, अंतर आणि उजेड एवढे लिहावे. ‘मर्लिनने सांगितले’ हे उत्तर चालत नाही. चूक झाली असेल तर नोंद बदलावी. ‘वटवट्याची कुठली तरी जात’ अशी मोघम नोंदही यादीत करता येते आणि ती चुकीच्या नेमक्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी असते.

चार शिक्षक मिळून फिरत असाल तर चौघांनी वेगवेगळ्या याद्या करू नयेत. एकाने लिहावी, बाकीच्यांनी मोजावे, आणि शेवटी ती यादी अ‍ॅपमधूनच इतरांशी वाटून घ्यावी. म्हणजे तीच २० पोपटांची रांग चारदा मोजली जात नाही. अशा गटात एकाचा कान चांगला, एकाची नजर तीक्ष्ण आणि एकाला झाडे ओळखता येणारी असली की शिकण्याचा वेग फार वाढतो. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट ई-बर्डच्या वापरासाठी मार्गदर्शन करतो आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, जगभरच्या पक्षिगणनेच्या दिवशीच, प्रदेशनिष्ठ पक्ष्यांचा दिवस पाळतो. सुट्टीसाठी कोकणात किंवा घाटमाथ्यावर असलात तर त्या दिवशी मलबारी राखी धनेशासारखा, पश्चिम घाटाबाहेर कुठेच न सापडणारा पक्षी यादीत येऊ शकतो. मुलांसाठी साहित्य हवे असेल तर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा ‘अर्ली बर्ड’ हा उपक्रम पाहावा. त्यांचे साहित्य भारतीय भाषांत आहे.

रोजचा बेत लहान ठेवा. सकाळी ६ ते ८ या वेळात, एकाच जागेवरून, १५ मिनिटांची एक यादी. मराठवाडा-विदर्भात ९ नंतर पक्षी सावलीला जातात आणि माणसानेही जावे. गच्चीत मातीचे परळ ठेवलेत तर पाणी इंच-दीड इंचच भरा, मध्ये एक दगड ठेवा आणि रोज घासून पाणी बदला. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८ × ४२ घ्या, म्हणजे ८ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पट मोठे दाखवणारी दुर्बीण हातात जास्त थरथरते, आणि नव्या माणसाला पानांत बसलेला पक्षी तिच्यातून सापडत नाही.

एकाच जागेच्या रोजच्या यादीचा फायदा महिनाअखेरीला दिसतो. पावशा मे सरता सरता जोरात ‘पेरते व्हा’ म्हणू लागतो, ती तारीख तुमच्या हातात राहते. नवरंगाची दोन सुरांची शीळ पहिल्यांदा कधी ऐकू आली, चातक कुठल्या दिवशी आला, आणि कोकणात असाल तर तिबोटी खंड्या ओढ्यावर कधी दिसला, हेही. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी, त्याच वेळी बसलात तर ताडून पाहायला स्वतःची नोंद असेल. नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला राज्यात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा शाळेच्या फलकावर लावायला इंटरनेटवरची चित्रे शोधावी लागणार नाहीत. गावातल्या पक्ष्यांची, तारखांसह यादी तयार असेल.

कोणी घेऊ नये? ज्यांना फक्त फोटो काढायचे आहेत त्यांना ई-बर्डचा कंटाळा येईल. जुना, साठवण भरलेला फोन असेल तर मर्लिनची ध्वनिमुद्रणे लवकर जागा खातात. दर आठवड्याला नको ती पुसावी लागतील. सलग ऐकत ठेवले की बॅटरीही झपाट्याने उतरते, म्हणून दोन-दोन मिनिटांचे तुकडे घ्यावेत. बाकीच्यांनी आजच पॅक उतरवून ठेवावा आणि उद्या सहाला गच्चीवर बसावे. पहिल्या यादीत सात-आठच नावे आली तरी ती पाठवा, फक्त कावळा गाळू नका.