स्कॅनर झकास, सोबतचं सॉफ्टवेअर वैताग

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबारे, फेरफार, शाळेचे दाखले दिवसभर स्कॅन होतात. हा स्कॅनर त्याला पुरून उरतो. पिवळा पडलेला जुना कागदही स्वच्छ येतो. पण सोबत आलेलं सॉफ्टवेअर! फाइल कुठे ठेवायची हे ठरवायची सोयच नाही. सगळं सी ड्राइव्हवर कोंबतं. मला हवं डी ड्राइव्हवर, गावनिहाय फोल्डरात.

शेवटी मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं प्रोसेस मॉनिटर (कुठला प्रोग्राम काय वाचतो-लिहितो ते दाखवणारं साधन) लावलं, तेव्हा कळलं की फाइल ठेवायचा पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातून वाचला जातोय. सॉफ्टवेअर ३२ बिटचं, विंडोज ६४ बिटचं, म्हणून नोंद रजिस्ट्रीतल्या 'सॉफ्टवेअर' नावाच्या शाखेखाली थेट नाही, तर तिच्या आत ३२ बिटवाल्यांसाठी असलेल्या 'वाव६४३२नोड'च्या (WOW6432Node) पोटात. ती की (रजिस्ट्रीतला नोंदींचा कप्पा) आधी एक्स्पोर्ट करून ठेवली, मग पाथ बदलला. लगेच चालू. अपडेट आलं की मात्र पहिले पाढे पंचावन्न! आता बदललेल्या कीची रेग फाइल (उघडली की नोंद परत रजिस्ट्रीत भरणारी) डेस्कटॉपवरच ठेवलीय. डबल क्लिक, अॅडमिनचं विचारलं की 'होय', काम झालं. हे गिऱ्हाइकानं का करावं, ते कंपनीलाच ठाऊक.

स्कॅनरला साडेचार तारे. सॉफ्टवेअरला एक, तोही मराठी नावाच्या फाइली नीट सेव्ह करतं म्हणून.