मिनोल्टा एसआरटी-१०१: कानाच्या मशीनच्या सेलवर काही महिने

जुन्या कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर चुकतोय म्हटलं की पुण्यात दोन सल्ले फुकट मिळतात. एक, "मीटर विसरा, मोबाइलवर मोजा." दुसरा, "खोलून घ्या." दोन्ही बाजूला ठेवा आणि आधी आत सेल कुठला आहे ते बघा.

मिनोल्टा एसआरटी-१०१ हा फिल्मचा कॅमेरा १९६६ सालचा. त्याचा मीटर पीएक्स ६२५ या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. पाऱ्यावर बंदी आल्यावर ते सेल गेले. जुन्या बाजारातून आलेल्या माझ्या बॉडीत त्याच मापाचा अल्कलाइन होता, १.५ व्होल्टचा. एवढ्या फरकाने सुई जास्त चढते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि निगेटिव्ह पातळ येतात. सुई हलते म्हणून विकणारा "मीटर चालू" म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो.

दुरुस्तीला टाकण्याआधी चूक कशी आहे ते पाहिलं. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात २०० आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्मला १/२५० सेकंद आणि एफ/१६ छिद्र यायला हवं. मीटर त्याहून स्टॉपभर कमी, म्हणजे निम्मंच एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायचा उजेड) मागत होता. वाड्याच्या बोळातल्या सावलीत मोबाइलशी ताडून पाहिलं तर फरक वेगळाच. सगळं यावरच ठरतं. चूक सगळीकडे सारखी असती तर आयएसओ डायल सरकवून भागलं असतं. उजेडाप्रमाणे बदलते म्हणजे डायलचा उपाय कामाचा नाही. शिवाय अल्कलाइनचा व्होल्टेज वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे आज जुळवलेला आकडा पुढच्या रोलला पुन्हा चुकीचा.

मोबाइलशी ताडताना एकरंगी भिंत घ्या, फ्रेम पूर्ण भरून. एसआरटीत प्रिझमवर दोन सीडीएस सेल आहेत (हे बॅटरीचे नव्हेत, उजेड जोखणारे), आकाशाच्या झगमगाटाने मीटर फसू नये म्हणून. मोबाइल तसं मोजत नाही, मग मोकळ्या दृश्यावर दोघांचं पटणार कसं? डोळा आयपीसला चिकटवा, मागून येणारा उजेडही मोजला जातो. आणि उन्हातून सावलीत आल्यावर सुईला जरा वेळ द्या. सीडीएसला मगाचा उजेड विसरायला वेळ लागतो.

उपाय म्हणजे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल, निळ्या टॅबवाला (हवेची भोकं झाकणारी पट्टी). १.४ व्होल्ट, म्हणजे जवळपास मूळचाच. व्यासाने लहान असल्यामुळे भोवती बोहरी आळीतून आणलेली रबरी ओ-रिंग बसवली. टॅब काढल्यावर काही मिनिटं हवा लागू द्यायची, आणि सेलवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची नाहीत. सेलचे संपर्क हिरवे पडले असतील तर आधी व्हिनेगरचा बोळा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा.

त्यानंतर ऊन-सावली दोन्हीकडे मीटर अर्ध्या स्टॉपच्या आत आला. कलर निगेटिव्हला एवढं पुष्कळ झालं.

कटकट आहेच. टॅब निघाला की सेल वापरा न वापरा मरत राहतो. माझ्याकडे दोनेक महिने टिकतो. एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याहून लवकर गेला. पण एक गुण फार मोठा: शेवटपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो आणि मग एकदम मान टाकतो. हळूहळू खोटं बोलण्यापेक्षा हे बरं. तळाच्या स्विचवर बॅटरी चेक आहे, रोल भरताना तेवढं बघायचं. वाटेत सेल मेलाच तरी शटर यांत्रिक आहे, काम अडत नाही.

संध्याकाळी तुळशीबागेच्या आतल्या गल्ल्यांत मात्र सुई अजून आळशी आहे. तो पन्नास-साठ वर्षांच्या सीडीएसचा दोष, सेल बदलून जाणार नाही. तिथे मी मीटरपेक्षा एक स्टॉप जास्तच देतो. आणि ज्यांना दर दोन महिन्यांनी सेल बदलायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो, त्यात सिल्व्हर ऑक्साइडचा सेल बसतो. महाग आहे, एक्स्पोजरची चूक न खपवणारी स्लाइड फिल्म वापरत असाल तर विचार करा, नाहीतर त्या पैशांत रोल घ्या.