मरांट्झ २२७० आणि मॅकिंटॉश एमसी २१०५: एकाच घरात, एकाच स्पीकरवर

जुनी अमेरिकन स्टीरिओ यंत्रं घ्यायची म्हटली की मरांट्झ आणि मॅकिंटॉश ही दोन नावं हमखास निघतात. न्यू जर्सीतल्या आमच्या घरी गेले कित्येक महिने दोन्ही आहेत. मरांट्झचा २२७० रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत. आणि मॅकिंटॉशचा एमसी २१०५ पॉवर अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा, जोडीला त्यांचाच सी २८ प्रीअ‍ॅम्प, म्हणजे त्याच्याआधी आवाज नि सूर जुळवणारा. स्पीकर दोघांना तेच, एआर-३ए. टर्नटेबल तेच, सुई तीच. म्हणून खाली लिहिलंय ते फक्त या दोन अ‍ॅम्पविषयी.

मरांट्झ दिवसा देखणा दिसतो, मॅकिंटॉश रात्री. मरांट्झची फिकट सोनेरी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उजेडात खुलते. सॉल मरांट्झ पेशाने व्यावसायिक चित्रकार होते, आणि बटणांमधली मोकळी जागा पाहिली की ते पटतं. २२७० आला १९७१ साली. तोपर्यंत कंपनी सुपरस्कोप या दुसऱ्या कंपनीकडे जाऊन सात वर्षं झाली होती, पण चेहऱ्यावरची मूळ शिस्त कुणी मोडली नाही. त्यातलं जायरो-टच चाक मला सगळ्यात प्रिय आहे. स्टेशन लावायला बोटाने आडवं फिरवायचं जड चाक. हलकासा झटका दिला की काटा निळ्या पट्टीवरून सरकत जातो आणि तुम्ही थांबवाल तिथे मुकाट थांबतो. हे चाक मरांट्झच्याच १०बी ट्यूनरमधून, म्हणजे नुसत्या रेडिओच्या यंत्रातून, आलं. त्या ट्यूनरवर एवढा खर्च झाला की सॉल मरांट्झना १९६४ मध्ये कंपनी विकावी लागली. ८८.३ वर नेवार्कचं जॅझचं स्टेशन लावताना रोज ते आठवतं.

मॅकिंटॉश बंद असताना नुसती काळी काच. चालू केला की हिरवी अक्षरं उमटतात आणि दोन निळे मीटर उजळतात. अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला असल्यामुळे पन्नास वर्षांच्या हाताळणीनेही झिजत नाहीत. धोका आहे तो मागचा रंग सुटण्याचा. विकत घेताना दिवे लावून, खोलीत अंधार करून काच नीट बघा. कुठे प्रकाश गळत असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या.

आता आवाज. आधी दोन्ही अ‍ॅम्पची पातळी स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून सारखी केली. हे केल्याशिवाय तुलना करूच नये, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो. हळू आवाजात, रात्री जेवणानंतर ऐकतो तेवढ्यात, मला डोळे मिटून दोघांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. ‘मरांट्झचा उबदार आवाज’ असं जे सगळीकडे म्हटलं जातं, त्यातला बराचसा भाग म्हाताऱ्या कपॅसिटरांचा, म्हणजे आतल्या वीज साठवणाऱ्या भागांचा, आहे असं माझं ठाम मत झालंय. आमच्याकडच्या २२७० चे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून झाले, बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरांमधून सतत वाहणारा थोडासा प्रवाह, जुळवला, आणि वरच्या पट्ट्या उघडल्या. तानपुऱ्याची जवारी आधी धूसर गुंजन वाटायची, ती आता सुटी सुटी ऐकू येते. हा फरक दोन अ‍ॅम्पमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता.

आवाज वाढवला की मात्र मॅकिंटॉश पुढे जातो. एआर-३ए हा ४ ओहमचा, म्हणजे कमी रोधाचा आणि जास्त प्रवाह ओढणारा स्पीकर, शिवाय खादाड. बंद पेटीतल्या हवेवर त्याचा बारा इंची वूफर तोललेला असतो आणि त्याला वीज सढळ हाताने लागते. मरांट्झचे ७० वॅट अगदी प्रामाणिक आहेत: दोन्ही चॅनेल एकदम चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झपर्यंत सलग. तरीही भीमसेनजींची द्रुत तान आणि तबल्याचा डग्गा एकाच वेळी जोरात आला की डग्ग्याचा घुमारा थोडा आखडतो. एमसी २१०५ मध्ये ट्रान्झिस्टर आणि स्पीकर यांच्या मध्ये ऑटोफॉर्मर आहे, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांचा मेळ घालणारा एक प्रकारचा ट्रान्सफॉर्मर. ४, ८, १६ ओहमच्या वेगवेगळ्या खुंट्या, आणि योग्य खुंटीला तार जोडली की तिन्हीकडे पूर्ण १०५ वॅट. डग्ग्यावरची मींड तळापर्यंत खेचलेली कळते. अ‍ॅम्प बिघडून डीसी करंट आला तरी तो स्पीकरपर्यंत पोचत नाही, हा आणखी एक फायदा. पन्नास वर्षं जुना स्पीकर जोडलेला असताना त्याची किंमत कळते.

मरांट्झ जिंकतो तो मिड बटणावर. बास आणि ट्रेबलच्या मधोमध तिसरं बटण. एचएमव्हीच्या जुन्या तबकड्यांवर गळा कधी कधी नाकात अडकल्यासारखा येतो. मिड जरा उतरवलं की किशोरीताईंचा स्वर मोकळा होतो, तंबोऱ्यांना धक्का लागत नाही. सी २८ वर हे जमत नाही.

वारशाच्या बाबतीत माझा कौल मॅकिंटॉशला. फ्रँक मॅकिंटॉश आणि गॉर्डन गाउ १९५१ मध्ये कारखाना घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला गेले, आणि अ‍ॅम्प आजही तिथेच बनतात. १९६२ पासून जवळजवळ तीन दशकं त्यांची माणसं गावोगावच्या दुकानांत जाऊन कुठल्याही कंपनीचा अ‍ॅम्प फुकट तपासून देत. आपला माल मापात उतरतो हे ग्राहकासमोर, इतरांच्या शेजारी ठेवून दाखवायचं, याला धमक लागते. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मैदानावरही त्यांचेच अ‍ॅम्प होते. २०२४ मध्ये कंपनी बोसने घेतली, पुढे काय होतं ते बघायचं. मरांट्झचं नाव सुपरस्कोप, फिलिप्स असं हातोहात फिरत गेलं. आजची मरांट्झ यंत्रं चांगलीच आहेत, पण २२७० शी त्यांचं नातं मुख्यतः नावाचं.

पुण्या-मुंबईला न्यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. अमेरिकेतली बहुतेक यंत्रं १२० व्होल्टची असतात, त्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि एमसी २१०५ साठी तो निदान १ केव्हीएचा घ्या. मागच्या पाटीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का तेही बघा. आणि अमेरिकन ट्यूनरवर आपलं एफएम किंचित दबकं वाजतं. प्रक्षेपणात मुद्दाम चढवलेले वरचे सूर रेडिओ परत उतरवतो, त्याला डी-एम्फसिस म्हणतात. अमेरिकेत ते ७५ मायक्रोसेकंद धरलेलं असतं, भारतात ५०, म्हणून वरचे सूर जरा जास्तच उतरतात. बिघाड समजून उघडू नका, ट्रेबल थोडा चढवा. वजनाचंही ध्यानात असू द्या, एकटा २१०५ तीस किलोच्या घरात जातो.

दोन्हीपैकी एकच ठेवायचा झाला तर मी मॅकिंटॉश ठेवीन. पण पहिल्यांदाच जुनं यंत्र घेणाऱ्याला मी २२७० च सुचवेन: सर्व्हिस झालेला, कामाच्या पावतीसह. एका पेटीत रेडिओ, फोनो, अ‍ॅम्प सगळं येतं, आणि दुरुस्ती जाणणारे लोक सापडतात.