रेडिओहेड ऐकायचंय, पण सुरुवात कोणत्या अल्बमपासून?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या चाहत्यांचं एका गोष्टीवर बऱ्यापैकी एकमत आहे: 1993 चा पहिला अल्बम ‘पाब्लो हनी’ सगळ्यात कच्चा. त्यानंतरच्या आठ अल्बमच्या क्रमवारीवर मात्र दोन चाहत्यांचं तंतोतंत जुळलेलं मी अजून पाहिलेलं नाही. ‘ओके कम्प्युटर’पुढे काहीच नाही असं एक जण सांगतो. दुसऱ्याच्या मते खरा बँड ‘किड ए’पासून सुरू होतो. तिसरा या दोन्हींना मान देतो आणि घरी मात्र ‘इन रेनबोज’च लावतो. नव्याने ऐकायला येणाऱ्याची यात पंचाईत होते, कारण प्रत्येक जण तितक्याच खात्रीने बोलत असतो आणि प्रत्येकाचं काहीतरी बरोबर असतं.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: बहुतेकांनी ‘इन रेनबोज’पासून सुरुवात करावी. पण हे सगळ्यांना लागू नाही. ते कुणाला लागू नाही, हे कळायचं तर चाहते नेमके कशावरून भांडतात ते पाहायला हवं.

गायक थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवूड बंधू, एड ओब्रायन आणि ड्रमर फिल सेल्वे हे पाच जण इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या शाळेत भेटले आणि 1985 पासून एकत्र वाजवू लागले. तेव्हापासून आजवर यातला एकही माणूस बदललेला नाही. संगीत मात्र इतकं बदललं, की 1995 चा आणि 2000 चा अल्बम एकापाठोपाठ लावले तर ते एकाच बँडचे आहेत हे फक्त यॉर्कच्या आवाजावरून ओळखू येतं. चाहत्यांमधली मोठी फूट याच पाच वर्षांत पडली. गाणं कानावर पडताच तुम्ही आधी काय पकडता? चाल आणि शब्द, की ठेका आणि एकूण नाद? या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि अल्बमची पसंतीही त्याच रेषेवर फुटते.

‘द बेंड्स’ आणि ‘ओके कम्प्युटर’

गिटारच्या गाण्यांवर प्रेम असणाऱ्यांसाठी ‘द बेंड्स’ (1995) हा सरळ रस्ता आहे. निर्माते जॉन लेकी. बँडमध्ये तीन गिटार आहेत आणि या अल्बमवर तिन्हींना पुरेसं काम आहे. ‘जस्ट’मध्ये चढत चढत अंगावर येणारी जॉनीची गिटार ऐका, आणि मग ‘स्ट्रीट स्पिरिट’मध्ये तेच वाद्य एकच आकृती शांतपणे फिरवत राहतं ते ऐका. ‘माय आयर्न लंग’चा वाद्यांचा भाग तर 1994 च्या लंडनमधल्या अस्टोरियातल्या मैफलीतला आहे, आवाज तेवढा नंतर नव्याने घेतला. ‘क्रीप’ या एका गाण्याने दिलेल्या प्रसिद्धीवर जगावं लागण्याची घुसमट ‘माय आयर्न लंग’मध्ये आहे, आणि ती समजून घेतली की बँड पुढे इतका अस्वस्थ का होत गेला याचा अंदाज येतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की अल्बम चांगला आहे, पण त्या काळातल्या दुसऱ्या एखाद्या चांगल्या बँडलाही तो जमला असता. मला हे पटत नाही. ‘फेक प्लास्टिक ट्रीज’ जवळजवळ कुजबुजीतून सुरू होऊन ज्या रीतीने फुलतं आणि पुन्हा मिटतं, तेवढा संयम त्या काळातल्या फार थोड्या गाण्यांत आहे. अल्बमच्या मधल्या एकदोन गाण्यांचा रंग मात्र आता फिका पडलाय, हे मान्य करायला हवं.

‘ओके कम्प्युटर’ (1997) यापुढची पायरी. ‘द बेंड्स’वर इंजिनिअर असलेला नायजेल गॉडरिच इथे बँडसोबत निर्माता म्हणून आला आणि पुढच्या सगळ्या अल्बमवर राहिला. रेकॉर्डिंगचा मोठा भाग बाथजवळच्या सेंट कॅथरिन्स कोर्ट या जुन्या वाड्यात झाला. ‘एक्झिट म्युझिक’मधला यॉर्कचा आवाज तिथल्या दगडी जिन्यात रेकॉर्ड केलेला आहे. त्या गाण्याच्या सुरुवातीचा पोकळ गारवा स्टुडिओतल्या यंत्राने आणलेला नाही, तो त्या जागेचा आहे. हेडफोन लावून ऐकलं तर फरक लगेच कळतो.

‘ओके कम्प्युटर’वाले सांगतात तो मुद्दा खरा आहे: चाल, शब्द आणि नाद या तिन्ही गोष्टी इथे एकमेकांना धक्का न देता उभ्या आहेत. ‘परानॉइड अँड्रॉइड’ सहा मिनिटांहून मोठं आहे, त्यात वेगवेगळ्या स्वभावाचे तुकडे जोडलेत, तरी ते कुठे सुटत नाही. ‘क्लायम्बिंग अप द वॉल्स’च्या शेवटी व्हायोलिनं स्वरांच्या मधल्या फटीत शिरून किंचाळतात आणि लगेच ‘नो सर्प्रायझेस’ची निरागस घंटेसारखी धून सुरू होते. हा क्रम कुणीतरी फार विचार करून लावलेला आहे.

विरोधी बाजूचे लोक बोट ठेवतात ते मधल्या भागावर. ‘फिटर हॅपिअर’मध्ये संगणकाचा आवाज सूचना वाचल्यासारखा बोलत राहतो आणि पाठोपाठ ‘इलेक्शनिअरिंग’ आरडाओरडा करत येतं. अनेकांना इथे लय तुटल्यासारखी वाटते. माझ्या मते पहिलं अल्बमच्या विषयाला हवंच होतं, दुसऱ्यावाचून अडलं नसतं. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या अल्बमबद्दल इतकं लिहिलं गेलंय, की नवा श्रोता तो ऐकायच्या आधीच भारावलेला असतो किंवा चिडलेला. ही तक्रार संगीताची नाही, पण पहिला अल्बम निवडताना तिचा विचार करावाच लागतो. ज्यांना तरीही इथूनच सुरुवात करायची आहे त्यांनी ‘लेट डाउन’कडे विशेष लक्ष द्यावं. चाहत्यांनी हे गाणं वर्षानुवर्षं जपलं, आणि 2025 मध्ये, प्रकाशनानंतर तब्बल 28 वर्षांनी, ते अमेरिकेच्या हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोचलं.

‘किड ए’: इथे दोन गट पडतात

2000 च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘किड ए’ने अनेक चाहत्यांना खरोखर दुखावलं होतं, हे आज विसरायला होतं. त्यातून एकही अधिकृत सिंगल, म्हणजे सुटं प्रकाशित केलेलं गाणं, काढलं नाही. गिटारची वाट पाहणाऱ्याला पहिल्याच गाण्यात कीबोर्ड आणि यॉर्कचा चिरून, उलटसुलट करून पसरलेला आवाज मिळाला. ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’ दहा मात्रांत फिरतं, आणि समेवर पोचलो असं वाटेपर्यंत पुढचं आवर्तन सुरू झालेलं असतं. ‘ट्रीफिंगर्स’ पूर्णपणे वाद्यसंगीत आहे, आणि ते ओब्रायनच्या गिटारमधूनच काढलंय, पण गिटार ओळखू येणार नाही इतकं बदलून.

तरीही हा अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि हळूहळू त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मोठा गट तयार झाला. त्यांचं म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. यशाची ठरलेली वाट समोर मोकळी असताना बँडने ती सोडली, आणि जे केलं ते थंड किंवा बुद्धीचा खेळ म्हणून केलेलं नव्हतं. ‘आयडिओटेक’चा पाया पॉल लॅन्स्की या अमेरिकी संगीतकाराच्या 1973 च्या संगणकीय रचनेतल्या काही सेकंदांवर उभा आहे. कागदावर हे कोरडं वाटतं. ऐकताना मात्र त्या ठोक्यांवर यॉर्कच्या आवाजात जी घाई आणि जी भीती आहे, ती ‘द बेंड्स’मधल्या कोणत्याही गाण्यापेक्षा उघडी आहे. ‘हाऊ टु डिसअपिअर कम्प्लीटली’मध्ये जॉनीने ओंद मार्तेनो हे 1928 मध्ये पुढे आलेलं फ्रेंच इलेक्ट्रॉनिक वाद्य वापरलं. त्याचे स्वर तारवाद्यांमागून असे सरकत येतात, की माणूस गातोय की वाद्य हे क्षणभर कळत नाही.

तरीही पहिला अल्बम म्हणून मी ‘किड ए’ सुचवत नाही. त्याचा अर्धा अर्थ तो कशाकडे पाठ फिरवतो यात आहे, आणि ज्याकडे पाठ फिरवली ते आधी माहीत नसेल तर धाडस दिसत नाही, फक्त विचित्रपणा दिसतो. याला एकच अपवाद: तुम्ही मुळातच इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणारे असाल आणि रॉकचा तुम्हाला कंटाळा असेल, तर थेट इथूनच शिरा. तुम्हाला ‘द बेंड्स’ नंतर कदाचित जुनाट वाटेल, आणि त्याने काही बिघडत नाही.

आपण कोणत्या गटात बसतो याचा अंदाज नसेल तर दोनच गाणी पाठोपाठ लावा, ‘नो सर्प्रायझेस’ आणि ‘आयडिओटेक’. दुसरं संपल्यावर पहिल्याची आठवण येत असेल तर ‘द बेंड्स’ आणि ‘ओके कम्प्युटर’च्या बाजूला जा. दुसरंच पुन्हा लावावंसं वाटलं तर ‘किड ए’ तुमचा. दोन्ही हवीशी वाटली, आणि माझा अनुभव असा की बऱ्याच जणांना वाटतात, तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

‘इन रेनबोज’ का?

10 ऑक्टोबर 2007 ला बँडने हा अल्बम स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ऐकणाऱ्यावर सोडली. शून्य दिलं तरी चालेल. त्या निर्णयाची चर्चा इतकी झाली, की संगीत काही काळ मागेच राहिलं. आता ती बातमी जुनी झाली आहे आणि दहा गाणी उरली आहेत, साधारण 42 मिनिटांची. जवळजवळ एकही गाणं गाळावंसं वाटत नाही.

‘15 स्टेप’ पाच मात्रांच्या इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर सुरू होतं, म्हणजे ‘किड ए’च्या प्रदेशात, आणि मिनिटभरात जॉनीची स्वच्छ, उबदार गिटार आत येते. दोन्ही गटांना हवी ती गोष्ट एकाच गाण्यात, आणि जोडकामाचा सांधा दिसत नाही. ‘विअर्ड फिशेस’मध्ये गिटार एकमेकींत विणल्या जातात आणि सेल्वेचे ड्रम्स खालून पळत राहतात. बँडमधल्या पाचही जणांचं एकमेकांचं ऐकणं इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच कानावर येतं. ‘न्यूड’ हे गाणं तर त्यांच्याकडे 1990 च्या दशकापासून होतं, मैफलीत वाजवलं जायचं, पण मनासारखं बसत नव्हतं. इथे कॉलिनच्या बेसने त्याला आधार दिला आणि ते बसलं.

यावर आक्षेप घेणारे म्हणतात, अल्बम सुंदर आहे, पण त्यात जोखीम नाही. ‘किड ए’नंतर बँडने पुन्हा गोड व्हावं हे त्यांना माघार वाटतं. मी हे समजू शकतो, पण मानत नाही. गुंतागुंत लपवून सोपं ऐकू येईल असं करणं हे कमी धाडसाचं काम नव्हे. ‘ऑल आय नीड’ बराच वेळ एकाच जागी घुटमळतं आणि मग पियानो, झांजा, सगळं एकदम उघडतं. त्या उघडण्याची तयारी किती बारकाईने केलीय हे तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यात कळतं, आणि पहिल्या ऐकण्यात ते न कळताही भिडतं. नव्या श्रोत्याला नेमकं हेच हवं असतं. इथून मागे ‘ओके कम्प्युटर’कडेही जाता येतं आणि ‘किड ए’कडेही, आणि दोन्हीकडे ओळखीचं काहीतरी सापडतं.

बाकीचे, थोडक्यात

‘अ‍ॅम्नीझिअ‍ॅक’ (2001) ‘किड ए’च्याच काळातल्या रेकॉर्डिंगमधून तयार झाला. उरलंसुरलं असं त्याला म्हणणाऱ्यांनी ‘पिरॅमिड साँग’ पुन्हा एकदा ऐकावं. तरी सलग अल्बम म्हणून तो विस्कळीत आहे. ‘हेल टु द थीफ’ (2003) मध्ये 14 गाणी आहेत, जवळपास 56 मिनिटं, आणि तो लांबला हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य असतं. खुद्द यॉर्कनेही पुढे काही गाणी वगळून वेगळा क्रम सुचवला होता. ‘देअर देअर’ मात्र चुकवू नका.

‘द किंग ऑफ लिंब्स’ (2011) बद्दल एक व्यावहारिक सल्ला: आधी अल्बम ऐकू नका, त्याच गाण्यांचं ‘फ्रॉम द बेसमेंट’ या संगीत-मालिकेतलं चित्रित सादरीकरण पाहा. तिथे क्लाइव्ह डीमर हा दुसरा ड्रमर सोबत आहे. अल्बमवर आखडून बसलेला ठेका तिथे मोकळा होतो. या अल्बमला नावं ठेवणारे आणि त्याची बाजू घेणारे, दोघेही बहुधा याच एका सादरीकरणावर एकत्र येतात.

‘अ मून शेप्ड पूल’ (2016) सगळ्यात शेवटी ठेवा, तो कमी आहे म्हणून नव्हे. गाणी इंग्रजी वर्णक्रमाने लावली आहेत आणि शेवटचं आहे ‘ट्रू लव्ह वेट्स’. हे गाणं यॉर्क 1995 पासून मैफलीत म्हणत होता, आणि 2001 च्या मैफलींच्या अल्बमवर ते एकट्या गिटारवर ऐकायला मिळतं. तिथे त्यात विनवणी आहे, थोडी आशाही आहे. 2016 च्या रूपात गिटार गेली, पियानोचे विखुरलेले स्वर आले आणि चाल जवळजवळ थांबली. जुन्या चाहत्यांमध्ये यावर आजही वाद आहे. एकवीस वर्षं वाट पाहून हे मिळालं, अशी खंत काहींना आहे. मी दुसऱ्या बाजूचा आहे. तेच शब्द, तोच माणूस, आणि आता तो ते मागत नाही, आठवतो. पण हा फरक जाणवायचा तर गिटारवालं रूप आधी कानात मुरलेलं हवं. म्हणून 2001 चं आधी ऐका, मध्ये हवे तितके दिवस जाऊ द्या, आणि मग हा अल्बम पहिल्या गाण्यापासून लावा.