सोरॉरिटी म्हणजे सगळ्या सारख्याच नव्हेत

सोरॉरिटी म्हणजे अमेरिकी विद्यापीठांतली, निवडून सदस्य घेणारी विद्यार्थिनींची संघटना. तिथल्या अलाबामा विद्यापीठात निवडीच्या दिवशी मुली स्टेडियममध्ये एकाच वेळी पाकिटं फोडतात, आतलं नाव वाचतात आणि आपापल्या सोरॉरिटीच्या घराकडे धावत सुटतात. तिथे जुळणारी मैत्री खरी असते. पण ‘आपल्यातली कोण आणि परकी कोण’ हेही तिथेच मनावर ठसतं. २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केलं की, सदस्य मुलींना हवी असलेली कृष्णवर्णीय मुलगी माजी सदस्यांच्या दबावामुळे नाकारली गेली. शिकत्या मुलींचं मन मोठं होतं. मागच्या पिढीने ते दाबलं. हे मला फार लागतं.

वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठातली डेल्टा सिग्मा थीटा ही सोरॉरिटी वेगळ्या मुशीतली. जानेवारी १९१३ मध्ये २२ कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ती स्थापन केली आणि ३ मार्चला, दोन महिनेही झाले नव्हते, त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. इथलं नातं पदवीबरोबर सुटत नाही; पदवीधरांच्या शाखा आजही मतदार नोंदणीसाठी राबतात. म्हणून माझा कौल हिलाच.

नवख्यांना छळण्याची कीड मात्र दोन्ही परंपरांना लागलेली आहे.